विश्लेषण : बाळाची न्यूमोनिया लस आणि डीएनएचे संशोधक ऑस्वल्ड एव्हरी यांचा संबंध काय?

बाळाच्या लसीकरण कार्डावर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या तीन रकान्यांत ‘पीसीव्ही’ अशी अक्षरे असतात. त्या दिवशी बाळाला एकाहून अधिक सुया टोचलेल्या असतात. घरातल्यांचे लक्ष त्याच्या रडण्याकडे आणि रात्री ताप चढतो का याकडे असते. कुठली सुई कशाची, हे विचारायचे राहून जाते.

पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकल काँज्युगेट व्हॅक्सिन. न्यूमोकोकस हा मुलांमधील जिवाणूजन्य न्यूमोनियाचा सर्वांत मोठा कारक जिवाणू. काँज्युगेट म्हणजे जोडलेली. या लसीत जिवाणूच्या कवचातील शर्करा एका प्रथिनाला रासायनिकरीत्या जोडलेली असते. ही जोडणी नसती, तर ही लस दोन वर्षांखालील बाळांना जवळपास निरुपयोगी ठरली असती. न्यूमोकोकसच्या बाबतीत ही जोडणी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत करून दाखवण्यात आली होती. बाळांसाठी तिची लस मात्र २००० मध्ये बाजारात आली. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते ऑस्वल्ड एव्हरी. जग त्यांना ओळखते ते आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे हे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून. न्यूमोनिया हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते, हे सहसा सांगितले जात नाही.

धर्मोपदेशकाचा मुलगा जिवाणूंकडे कसा वळला?

एव्हरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. वडील इंग्लंडहून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडिलांचे चर्च लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत होते. ऑस्वल्ड आणि थोरला भाऊ अर्नेस्ट कॉर्नेट हे पितळी वाद्य शिकले आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून ते वाजवत लोकांना आत बोलावू लागले.

१८९२ मध्ये अर्नेस्ट क्षयाने गेला. त्याच वर्षी वडीलही गेले. ऑस्वल्ड तेव्हा १५ वर्षांचे होते. घरात आई आणि धाकटा भाऊ रॉय. पुढे कोलगेट विद्यापीठात ऑस्वल्ड यांनी विज्ञान फारसे घेतलेच नाही. त्यांची ओळख होती ती उत्तम वक्ता आणि बँडचा म्होरक्या अशी. तरीही पदवीनंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १९०४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाले.

त्यांनी प्रॅक्टिस केली ती जेमतेम तीन वर्षे. छातीचे जुनाट आजार घेऊन येणाऱ्या रुग्णांना द्यायला त्या काळी डॉक्टरच्या हातात काहीच नसे. ही हतबलता त्यांना सोसवली नाही. १९०७ मध्ये ते ब्रुकलिनच्या होगलंड प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी सुरुवातीला अभ्यास केला तो दही आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणूंचा. क्षयावरील त्यांच्या संशोधनाकडे रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयाचे संचालक रूफस कोल यांचे लक्ष गेले. कोल यांनी १९१३ मध्ये त्यांना बोलावून घेतले. पुढची ३५ वर्षे एव्हरी यांनी ती संस्था सोडली नाही आणि जवळपास एकाच जिवाणूचा पाठपुरावा केला.

न्यूमोनियावर तेव्हा उपचार काय होते?

प्रतिजैविके नव्हती. न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या पू आणि द्रवाने भरतात, प्राणवायू रक्तात जाईनासा होतो आणि श्वास वेगाने चालू लागतो. डॉक्टर रुग्णाला झोपवून ठेवत, ताप उतरण्याची वाट पाहत. सातव्या-आठव्या दिवशी ताप एकदम उतरला तर रुग्ण वाचला, असा हिशेब असे.

रॉकफेलर रुग्णालयात सीरमचा प्रयोग सुरू होता. घोड्याला मारलेले न्यूमोकोकस टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्तातील सीरम काढून रुग्णाच्या शिरेत द्यायचे. पण न्यूमोकोकसचे प्रकार अनेक आणि एका प्रकाराविरुद्धचे सीरम दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे आधी रुग्णाचा बेडका उंदराला टोचून प्रकार ओळखावा लागे. पहिल्या प्रकाराच्या न्यूमोनियात या सीरमने मृत्यू बरेच कमी झाले. बाकीच्या प्रकारांत तसे यश नव्हते. हे सगळे वेळखाऊ, महाग आणि घोड्याच्या सीरमची तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका असलेले काम होते.

एव्हरी यांना पडलेला प्रश्न मात्र उपचाराच्या मुळाशी जाणारा होता. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या जिवाणूंना घोड्याचे रक्त वेगवेगळे कसे ओळखते?

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागात दाखल झाले. नागरिकत्व कॅनडाचे असल्याने त्यांना अधिकारीपद मिळेना. साधे शिपाई म्हणून भरती झालेले एव्हरी लष्करी डॉक्टर-अधिकाऱ्यांना न्यूमोनिया शिकवत होते. १९१८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि मग कॅप्टन. त्याच वर्षीच्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत त्यांनी हिमोफिलस इन्फ्लूएन्झी हा जिवाणू वाढवण्यासाठी खास माध्यम तयार केले. साथ या जिवाणूची नव्हती, ती विषाणूची होती, हे नंतर कळले. पण याच जिवाणूचा ‘बी’ प्रकार, म्हणजे हिब, मुलांमधील जिवाणूजन्य न्यूमोनियाचे दुसरे मोठे कारण आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

साखरेच्या कवचाचा शोध कसा लागला?

१९१७ मध्ये एव्हरी आणि त्यांचे सहकारी अल्फॉन्स डोशे यांच्या लक्षात आले की, न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्तात आणि लघवीत जिवाणूने सोडलेला एक विरघळणारा पदार्थ सापडतो आणि तो प्रकारागणिक वेगळा असतो. घोड्याचे सीरम नेमके त्यालाच ओळखत होते. हा पदार्थ जिवाणूभोवतीच्या कवचातून येत होता. साखरफुटाण्यात फुटाण्यावर साखरेचा थर असावा तसे हे कवच. ते असले की रक्तातील पांढऱ्या पेशींना जिवाणू धरता येत नाही, तो त्यांच्या तावडीतून निसटतो आणि वाढत राहतो. कवच नसलेला न्यूमोकोकस मात्र जवळपास निरुपद्रवी.

हे कवच कशाचे बनलेले आहे, हे शोधायला रसायनशास्त्रज्ञ हवा होता. मायकल हायडेलबर्गर त्याच संस्थेत हिमोग्लोबिनवर काम करत होते. एव्हरी एका कुपीतली मळकट पूड घेऊन वारंवार त्यांच्याकडे जात आणि हे काम हाती घ्या म्हणून पिच्छा पुरवत. अखेर हायडेलबर्गर तयार झाले आणि १९२३ मध्ये दोघांनी जाहीर केले की हा पदार्थ शर्करेच्या लांब साखळीचा, म्हणजे पॉलिसॅकराइड आहे.

त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा प्रथिनेच ओळखते, ही तेव्हा पक्की समजूत होती. तुमच्या नमुन्यात कुठेतरी प्रथिन शिल्लक राहिले असणार, असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण वीस वर्षांनी दुसऱ्याच शोधावर तो शब्दशः पुन्हा घेतला गेला.

जोडणीची कल्पना नेमकी काय होती?

कवचाची शर्करा समजल्यावर ती टोचून लस करता येईल का, हे पाहणे ओघाने आले. अडचण अशी की शुद्ध शर्करा सशाला टोचली तर त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होत नव्हती. प्रतिपिंडे शर्करेला ओळखतात, पण शर्करा एकटी ती तयार करवून घेत नाही, असा हा पेच.

त्याच संस्थेत कार्ल लँडस्टायनर काम करत होते. मानवी रक्तगट शोधणारे हेच लँडस्टायनर. लहानसा रेणू प्रथिनाला जोडला की शरीर त्या रेणूविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते, हे त्यांनी दाखवले होते. एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी ही युक्ती शर्करेवर वापरली. १९२९ मध्ये त्यांनी आधी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या साध्या शर्करा प्रथिनांना जोडून पाहिल्या. मग १९३१ मध्ये तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकोकसच्या कवचातील शर्करा घोड्याच्या सीरममधील ग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडली. ही जोडी टोचलेल्या सशांच्या रक्तात तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकोकसविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली.

असे का घडते, हे एव्हरी यांना सांगता येणे शक्य नव्हते. प्रतिकारशक्तीतील टी पेशींचे काम जगाला कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. आज त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते : प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना टी पेशींची मदत लागते आणि टी पेशींना प्रथिनाचे तुकडे ओळखता येतात, शर्करेचे नाही. मोठ्या माणसाचे शरीर शर्करेला टी पेशींच्या मदतीविना थोडाफार प्रतिसाद देते. दोन वर्षांखालील बाळाचे शरीर तो देत नाही आणि न्यूमोकोकसचा धोका सर्वाधिक असतो तो याच वयात. शर्करेला प्रथिन जोडले की टी पेशी कामाला लागतात आणि त्या जिवाणूची आठवणही शरीरात राहते.

मग लस तेव्हाच का आली नाही?

एव्हरी यांच्या प्रयोगशाळेचा भर त्या काळी लसीपेक्षा उपचारावर होता. रेने द्युबो यांनी न्यू जर्सीच्या एका दलदलीतील मातीतून असा जिवाणू शोधला होता, जो तिसऱ्या प्रकाराचे कवच पचवणारे विकर तयार करतो. त्या विकराने उंदीर वाचत होते. ते माणसांपर्यंत पोहोचण्याआधीच सल्फा औषधे आली आणि पाठोपाठ १९४० च्या दशकात पेनिसिलिन. स्वस्त गोळी किंवा इंजेक्शनने न्यूमोनिया बरा होत असताना लसीच्या किचकट रसायनाची गरज कोणाला वाटेना. शुद्ध शर्करेची लस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर यशस्वी ठरली होती, मोठ्यांसाठी ती बाजारातही आली. पण डॉक्टरांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि कंपनीने ती मागे घेतली.

हा अंदाज चुकीचा होता. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९६० च्या दशकात दाखवले की, जिवाणू रक्तात शिरलेल्या रुग्णांपैकी अनेक जण पेनिसिलिन देऊनही पहिल्या काही दिवसांतच दगावतात. आणि जेथे दवाखानाच दूर आहे, तेथील बाळापर्यंत ते पेनिसिलिनही वेळेत पोहोचत नव्हते.

डीएनएचा शोध न्यूमोनियातून कसा लागला?

१९२८ मध्ये लंडनचे फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले. कवच नसलेले जिवंत न्यूमोकोकस आणि उष्णतेने मारलेले कवचधारी न्यूमोकोकस एकत्र करून उंदराला टोचले, तर उंदीर मरतो आणि त्याच्या रक्तात कवचधारी जिवंत जिवाणू सापडतात. मेलेल्या जिवाणूने जिवंत जिवाणूला कवच तयार करण्याची विद्या दिली होती आणि पुढच्या पिढ्यांतही ती टिकत होती. ज्यांनी प्रकार पक्के असतात यावर सारी मांडणी उभी केली होती, त्या एव्हरी यांना सुरुवातीला हे पटलेच नाही. त्यांच्याच प्रयोगशाळेत ते खरे ठरल्यावर मात्र त्यांनी हा विषय सोडला नाही.

मधली काही वर्षे थायरॉइडच्या आजाराने आणि शस्त्रक्रियेने खाल्ली. नंतर कॉलिन मॅक्लाऊड आणि १९४१ पासून मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह काम वेगाने पुढे सरकले. भरपूर जिवाणू लागत. शेकडो लिटर द्रवातून ते वेगळे काढण्यासाठी दुधातून साय काढतात तशा पद्धतीचे यंत्र वापरले गेले. मग एकेक पदार्थ वगळत जायचे. प्रथिने पचवणारी विकरे मिसळली तरी बदल घडत होता. डीएनए पचवणारे विकर मिसळले की तो थांबत होता. मे १९४३ मध्ये एव्हरी यांनी रॉय यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात हा पदार्थ जनुकासारखा वागतो, असे सावधपणे सुचवले. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिघांचा शोधनिबंध आला आणि त्यात तर त्यांनी आणखीच जपून शब्द वापरले.

आक्षेप जुनाच होता : नमुन्यात थोडे प्रथिन राहिले असेल. या वेळी तो त्यांच्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड मिर्स्की यांनी लावून धरला. नोबेल समितीनेही वाट पाहायचे ठरवले. एव्हरी यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पारितोषिक कधीच मिळाले नाही. नोबेलच्या इतिहासातील ही सर्वांत ठळक चूक मानली जाते आणि ते मानणे रास्तच आहे.

माणूस म्हणून ते कसे होते?

किरकोळ अंगकाठी, मोठे डोके, नीटनेटका पोशाख. सहकारी त्यांना प्रेमाने प्रोफेसर म्हणत, त्याचेच आखूड रूप ‘फेस’. त्यांनी लग्न केले नाही. बराच काळ ते डोशे यांच्यासोबत एकाच घरात राहत. प्रयोगशाळेत आलेल्या नव्या तरुणाला ते काम नेमून देत नसत. न्यूमोकोकसची कथा ते इतक्या घोटीवपणे सांगत की सहकारी त्या कथनांना ग्रामोफोनच्या तबकड्या म्हणत. ती ऐकून तरुणाने स्वतःच प्रश्न निवडायचा. सभा, प्रवास, सत्कार त्यांना नकोसे असत. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले तेव्हा ते लंडनला गेले नाहीत. सर हेन्री डेल यांनाच ते घेऊन न्यूयॉर्कला यावे लागले.

ग्रिफिथ १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात मारले गेले होते. आपल्या निरीक्षणातून काय निघाले, हे त्यांना कळलेच नाही. एव्हरी १९४८ मध्ये रॉय यांच्याजवळ राहण्यासाठी नॅशव्हिलला गेले आणि तेथेच २० फेब्रुवारी १९५५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. डीएनएची दुपेडी रचना त्यांच्या हयातीत, १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. शर्करा-प्रथिनाची जोडणी मात्र तेव्हाही जुन्या नियतकालिकांत पडून होती.

ती लस बाळापर्यंत कशी पोहोचली?

१९७० च्या दशकात अमेरिकेत हिबविरुद्ध शुद्ध शर्करेची लस मोठ्या मुलांत चालत होती, बाळांमध्ये नाही. जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीअरसन यांनी तेव्हा एव्हरी आणि गोबेल यांचे जुने काम पुन्हा हाती घेतले आणि शर्करा प्रथिनाला जोडली. पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. १९८७ मध्ये हिबची पहिली जोडलस अमेरिकेत मंजूर झाली. ज्या जिवाणूसाठी एव्हरी यांनी १९१८ मध्ये माध्यम बनवले होते, त्याच्यावरच त्यांची युक्ती आधी यशस्वी ठरली. मूळ न्यूमोकोकसची पाळी आली २००० मध्ये, सात प्रकारांविरुद्धच्या लसीने. उशीर होण्याचे एक कारण हेच की, न्यूमोकोकसचे शंभर प्रकार आता माहीत आहेत आणि लसीत घ्यायच्या प्रत्येक प्रकाराची शर्करा स्वतंत्रपणे वाढवून, शुद्ध करून जोडावी लागते. म्हणूनच ही लस महाग असते.

भारतात हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली. पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली. तेथे ती मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली दहा प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ डिसेंबर २०२० मध्ये भारतात दाखल झाली. तिच्यात घोड्याच्या प्रथिनाऐवजी घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी केलेले रूप शर्करेला जोडलेले असते. गरीब देशांसाठी तिची किंमत एका मात्रेला सुमारे दोन डॉलर ठेवण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये पाच वर्षांखालील सात लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. लसीत नसलेले प्रकार, इतर जिवाणू आणि विषाणूही न्यूमोनिया करतात. त्यामुळे लस घेतलेल्या बाळाचाही श्वास वेगाने चालू लागला, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला किंवा त्याने दूध सोडले, तर घरी वाट पाहू नये. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत : दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानून तातडीने दवाखाना गाठावा.